हॅरोल्डच्या डोळ्यातला बाण कुणी भरला?

टीपकागद

गेल्या शनिवारी पाऊस काही थांबेना, म्हणून लेकीला घेऊन आमच्या इंग्लंडातल्या रेडिंग गावच्या म्युझियममध्ये गेले. तिथे बायोच्या पटाची पूर्ण लांबीची नक्कल लावलेली आहे. अकरा वर्षं या गावात राहून मी ती बघितली नव्हती. 'नक्कलच ना' असं वाटायचं. दोन तासांनी लेक कंटाळून बाकावर झोपली आणि मी अजून निम्म्यावरच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम खाडी ओलांडून इंग्लंडवर चालून गेला, १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जपाशी लढाई झाली, इंग्लंडचा राजा हॅरोल्ड मारला गेला आणि विल्यम राजा झाला. ही हकीकत त्याच शतकात लिननच्या लांबच लांब पट्टीवर रंगीत लोकरीनं भरली गेली. रुंदी जेमतेम अर्धा मीटर, लांबी जवळजवळ सत्तर मीटर, नऊ तुकडे जोडलेले. शेवटचा भाग फाटून कधीच गेलाय. फ्रान्समधल्या बायो गावात ती जपून ठेवली. सगळे तिला टॅपेस्ट्री म्हणतात, पण टॅपेस्ट्रीत चित्र मागावर विणीतच उतरवतात. हे सरळसोट भरतकाम आहे, सुई-दोऱ्याचं. मी पट म्हणतेय.

आता मुद्दा. शेवटाकडे लॅटिनमध्ये ओळ आहे : 'हिक हॅरोल्ड रेक्स इंटरफेक्टुस एस्ट', इथे हॅरोल्ड राजा मारला गेला. 'हॅरोल्ड' या अक्षरांखाली एक शिपाई उभा, डोळ्यापाशी घुसलेला बाण त्यानं हातात धरलाय. त्याच्या शेजारी, 'मारला गेला' या शब्दांखाली, दुसरा एक जण कोसळतोय आणि घोडेस्वार त्याच्या मांडीवर तलवार चालवतोय. यातला हॅरोल्ड कोणता? की दोन्ही तोच, एकामागून एक? इंग्लंडातल्या शाळकरी पोरांना विचारलं तर सगळी एका सुरात 'डोळ्यात बाण' म्हणतात. माझीही म्हणाली.

पण १७२९-३० च्या सुमारास आंत्वान बेन्वा नावाच्या चित्रकारानं पटाची रेखाटनं केली, त्यात त्या शिपायाच्या हातात नुसती एक रेघ आहे. पिसं नाहीत. तो भाला उगारतोय असंही म्हणता येईल. १८१९ मध्ये चार्ल्स स्टोथर्डची चित्रं तयार होईपर्यंत त्या रेघेला पिसं आलेली दिसतात. मग एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली, आणि आज आपण बघतो तो चांगला पिसांचा बाण आहे. गंमत म्हणजे शेजारच्या कोसळणाऱ्या माणसाच्या डोक्यापाशी लिननला सुईची रिकामी भोकं आहेत. तिथे कधीतरी काहीतरी भरलेलं होतं आणि दोरा निघून गेला. काही अभ्यासक म्हणतात, तिथेही बाणच होता.

मला इतकंच म्हणायचंय की भरतकामाचा पुरावा वाचताना 'चित्रात काय आहे' याच्या आधी 'हा टाका कोणत्या शतकातला' हे विचारायला हवं. कागदावर खाडाखोड दिसते. कापडावर जुन्याच भोकातून नवा दोरा ओवला की कळत नाही.

आळशी_उंट

धाग्याबद्दल धागा. बसलोय, वाचतोय. चहा कोण आणतंय?

सनावळीवाला

चांगला विषय, पण बाण हा तपशील झाला. मूळ दोष मोठा आहे. हा पट जेत्यांची बखर आहे. तो बहुधा ओडोनं करवला, आणि ओडो कोण, तर विल्यमचा सावत्र भाऊ आणि बायोचा बिशप. म्हणून पटात ओडो मोक्याच्या प्रत्येक जागी हजर. जेवणावर आशीर्वाद देतो, मसलतीला बसतो, लढाईत हातात सोटा घेऊन पोरांना धीर देतो. वाडार्ड आणि व्हिटाल असली किरकोळ नावं त्यात भरलेली आहेत, ती ओडोच्याच माणसांची. आपल्याकडे वतनदारानं बखर लिहवून घेतली की त्याच्या आजोबांचा पराक्रम कसा पानोपानी येतो, तसंच.

शिवाय वगळलेलं बघा. २५ सप्टेंबर १०६६ ला हॅरोल्डनं उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाचा पाडाव केला आणि तिथून तो दक्षिणेकडे धावत आला. या लढाईचा पटात एकही टाका नाही. ती दाखवली असती तर हेस्टिंग्जला दमलेल्या सैन्याशी गाठ पडली हे उघड झालं असतं.

आणि सनावळीचं म्हणाल तर पटाचा पहिला लेखी उल्लेख १४७६ चा, बायोच्या कॅथेड्रलमधल्या सामानाच्या यादीत. मधली चारशे वर्षं त्याच्याबद्दल कागदोपत्री शांतता.

टीपकागद

@सनावळीवाला, बखर मान्य. पण इतकी सरळ बखर असती तर मी दोन तास उभी राहिले नसते.

पटात हॅरोल्डला 'रेक्स' म्हटलंय. त्याचा राज्याभिषेक दाखवलाय, सिंहासनावर समोर तोंड करून बसलाय, आणि मेला तेव्हाही तो 'राजा'च आहे. विल्यमनं पुढे करवलेल्या डूम्सडे बुकात, म्हणजे जमिनींच्या सरकारी नोंदवहीत, मात्र तो फक्त अर्ल, म्हणजे सरदार. सरकारी कागदानं जी पदवी काढून घेतली ती कापडानं ठेवली.

आणखी एक जागा. हॅरोल्ड नॉर्मंडीत पाहुणा (की कैदी) असताना विल्यमबरोबर मोहिमेवर जातो. माँ-सां-मिशेलजवळ कूनों नदीच्या चिखलवाळूत नॉर्मन शिपाई रुततात. हॅरोल्ड त्यांना ओढून काढतो, एकाला पाठीवर आणि एकाला हाताला धरून. शत्रूची बदनामीच करायची तर हे कशाला भरायचं? कामही बहुधा इंग्लंडातच झालं, कँटरबरीच्या बाजूला. पैसा नॉर्मन आणि बोटं इंग्रज, असं मी धरून चाललेय. हरलेल्यांच्या बायकांनी जेत्यांची गोष्ट भरली तर ती थोडी तिरकी भरली जाणारच.

गोफणगुंडा

मला राजेबिजे कळत नाहीत, पण तुमच्यामुळं काल रात्री बारापर्यंत नेटवर पटाचे फोटो बघत बसलो. वरच्या-खालच्या काठात काय चाललंय ते कुणी बोललंच नाही!

खालच्या काठात, साधारण सुरुवातीच्या भागात, शेती आहे. एक जण नांगरतोय, नांगराला बैल नाही, गाढव का खेचर जुंपलंय. त्याच्या पुढं एक जण गळ्यात झोळी अडकवून पेरतोय. त्याच्या पुढं घोडा एक चौकट ओढतोय, तिला खाली दाते. आपला कुळव पात्याचा असतो, हे दात्याचं आहे, पेरलेलं झाकायला. आणि सगळ्यांत शेवटी, पाखरांवर गोफण फिरवणारा माणूस! हात मागं, दोरी ताणलेली. आमचे आज्जे ज्वारीत मचाणावर उभे राहून असेच फिरवायचे.

वर दरबारात दूतांची पळापळ, खाली माणूस पेरलेलं राखतोय. हे कुणाच्या हुकमानं भरलं असेल असं मला वाटत नाही.

मंजिष्ठा

@गोफणगुंडा, तुमची नजर भारी आहे. ती दात्यांची चौकट म्हणजे 'हॅरो'. तिची इतकी जुनी चित्रं फार थोडी आहेत, म्हणून शेतीचा इतिहास लिहिणारेही या काठाकडे येतात. काठात इसापाच्या गोष्टीही आहेत. कावळ्याच्या चोचीतलं चीज कोल्हा पळवतो, ती तर एकापेक्षा जास्त वेळा. आणि लढाई सुरू झाली की काठातली जनावरं हटतात, तिथे प्रेतं येतात, आणि प्रेतांच्या अंगावरची चिलखतं डोक्यावरून ओढून काढणारे लोक येतात. काठाची सजावट संपून तोच रणभूमी होतो.

मी रंगकाम करते म्हणून रंगांबद्दल. साधारण दहा छटा आहेत, आणि त्या मुख्यतः तीन झाडांतून काढलेल्या. लाल मॅडरच्या मुळापासून, म्हणजे माझ्या आयडीच्या विलायती बहिणीपासून. पिवळा वेल्ड नावाच्या झाडापासून. निळा वोडच्या पानांपासून. वोडमधलं रंगद्रव्य आणि आपल्या निळीतलं एकच, फक्त वोडमध्ये ते कमी असतं. हिरवा हवा तर पिवळा आणि निळा एकावर एक.

या थोड्या रंगांत त्यांनी काय केलंय बघा. घोड्याचे पुढून दिसणारे पाय एका रंगाचे, पलीकडचे दुसऱ्या. घोडा निळा आणि त्याचे लांबचे दोन पाय पिवळे. आधी चूक वाटते, मग लक्षात येतं की खोली दाखवण्यासाठी केलंय. नंतरच्या डागडुजीत फिकट पिवळा, नारिंगी, फिकट हिरवा अशा लोकरी घुसल्या. डोळा बसला की मूळ कोणतं आणि ठिगळ कोणतं हे बरंचसं रंगावरूनच कळतं. टीपकागदताई म्हणतात तो 'टाका कोणत्या शतकातला' हा प्रश्न निम्मा इथे सुटतो.

आळशी_उंट

अवांतर : 'बायो' हे नाव ऐकून आमच्या रत्नागिरीच्या काकू म्हणाल्या, "बायोंनी भरला म्हणून बायोचा पट काय रे?"

टीपकागद

@आळशी_उंट, काकूंना दंडवत. आणि त्यांना हेही सांगा की सहाशेच्या वर माणसं भरलेल्या या पटात मधल्या मुख्य पट्ट्यात बायका फक्त तीन. हॅरोल्डच्या आधीचा राजा एडवर्ड, त्याच्या मृत्यूशय्येपाशी राणी. जळत्या घरातून मुलाचा हात धरून निघालेली एक निनावी बाई. आणि एल्फगिवा.

एल्फगिवापाशी मी अडकले. दारासारख्या चौकटीत ती उभी, बाहेरून एक पाद्री हात लांब करून तिच्या गालाला स्पर्श करतोय, की चापट मारतोय. वर लिहिलंय, 'जिथे एक पाद्री आणि एल्फगिवा'. बस्स. वाक्याला क्रियापदच नाही. खालच्या काठात एक नागडा माणूस. म्हणजे काहीतरी भानगड होती आणि ती तेव्हा इतकी सगळ्यांना ठाऊक होती की क्रियापद लिहायची गरज पडली नाही. आज तिच्यावर विद्वानांचे ढीगभर लेख आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

पिंगुळीचा_पाव्हणा

त्या 'इथे' आणि 'जिथे' वर जरा थांबा. पटावरच्या कितीतरी ओळी 'हिक'नं, म्हणजे 'इथे'नं सुरू होतात. वाचणाऱ्यापेक्षा दाखवणाऱ्याच्या तोंडी शोभेल असा शब्द आहे तो. आमच्याकडे कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र उभं धरतात आणि गाऊन कथा सांगतात. चित्राखाली सगळं लिहिलेलं नसतं, कारण सांगणारा आहे ना! मला वाटतं पटापुढेही कुणीतरी उभा असणार, बोट दाखवत : इथे हॅरोल्ड, इथे विल्यम. एल्फगिवाचं क्रियापद त्याच्या तोंडात होतं. तो गेला, क्रियापद गेलं.

सनावळीवाला

कल्पना छान आहे. पुढच्या काळापुरती तिला जोड देतो : १४७६ च्या यादीप्रमाणे पट दरवर्षी ठरावीक सणाला कॅथेड्रलच्या मुख्य दालनाभोवती टांगत. म्हणजे लोकांपुढे तो येत होता.

मात्र क्रमाबद्दल माझी तक्रार राहतेच. एडवर्ड ५ जानेवारी १०६६ ला वारला. पटात आधी त्याची अंत्ययात्रा वेस्टमिन्स्टरच्या चर्चकडे चाललीय, आणि पुढे गेल्यावर तो अजून अंथरुणात जिवंत! ज्या कापडावर माणूस पुरल्यावर मरतो, त्याला साधन म्हणून किती वजन द्यायचं?

मंजिष्ठा

@सनावळीवाला, ती चूक नसावी. अंत्ययात्रा आधी आल्यामुळे मृत्यूशय्या आणि हॅरोल्डला मुकुट देणं ही दोन चित्रं एकमेकांना चिकटून येतात. मरताना एडवर्डनं हॅरोल्डच्या हाताला बोटं लावली आणि लगेच मुकुट. सिनेमात आधी परिणाम दाखवून मग मागे जातात तसं. आणि त्या चर्चच्या छपरावर बघा, एक माणूस चढून वातकुक्कुट बसवतोय. चर्चचं अभिषेक २८ डिसेंबर १०६५ ला झालं होतं, एडवर्ड जायच्या आठवडाभर आधी. 'नवंकोरं चर्च' हे एका कोंबड्यात सांगून झालं.

फिरस्ता_७

तारखा हव्यात तर व्हिएन्नाला या, सनावळीकाका. हॉफबुर्ग राजवाड्याच्या खजिन्यात सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचा झगा आहे. लाल रेशीम, त्यावर सोन्याच्या तारेनं आणि मोत्यांनी भरलेले दोन सिंह, प्रत्येकाच्या पंजाखाली उंट, मध्ये खजुराचं झाड. आणि खालच्या अर्धगोल काठावर कुफी लिपीत अरबी मजकूर : राजाच्या कारखान्यात केला, सिसिलीच्या राजधानीत, हिजरी ५२८. म्हणजे ११३३-३४. ख्रिस्ती राजा, अरबी मजकूर, हिजरी साल. पुढे हाच झगा पवित्र रोमन सम्राटांनी कित्येक शतकं राज्याभिषेकाला घातला. किती जणांना काठावरचं वाचता आलं असेल देव जाणे.

मी त्याच्यापुढे उभा होतो तेव्हा शेजारच्या आजोबांनी उंटाला सिंहाची शिकार समजावं की प्रजा, यावर बायकोशी भांडण काढलं होतं.

आळशी_उंट

उंटावर झालेल्या अन्यायाचा निषेध.

मंजिष्ठा

कापडानं स्वतःच साक्ष दिल्याचं आणखी एक उदाहरण, आणि हे बाईचं. इंग्लंडातल्या डरमला सेंट कथबर्टच्या थडग्यातून काढलेली पाद्र्याच्या गळ्यातली पट्टी आहे, रेशमावर सोन्याच्या तारेचं काम. तिच्या टोकांना मागच्या बाजूला भरलंय : एल्फ्लेडनं हे करवलं, धर्मनिष्ठ बिशप फ्रिथेस्टानसाठी. फ्रिथेस्टान ९०९ ला बिशप झाला आणि एल्फ्लेड राणी ९१६ पर्यंतच होती, त्यामुळे वस्त्राचं वय सात वर्षांच्या फटीत सापडलं. कुठल्याही यंत्राशिवाय.

अर्थात हे करवणाऱ्यांचं नाव. भरणाऱ्या बायका डूम्सडे बुकात भेटतात. बकिंगहॅमशरमध्ये एल्फगिथ नावाच्या कुमारिकेला शेरीफ गॉड्रिकनं थोडी जमीन दिली होती, त्याच्या मुलीला जरीकाम शिकवावं म्हणून. विल्टशरमधल्या लेओफगिथकडे जमीन होती, ती राजा-राणीसाठी जरीचं काम करायची. शिवणक्लासची फी जमिनीत!

गोफणगुंडा

फी जमिनीत म्हणजे चांगलंच मोठं काम असणार. मग एवढा सत्तर मीटरचा पट केला त्यांचं नाव कुठंच नाही?

टीपकागद

@गोफणगुंडा, मूळ पटावर कुठेच नाही. आणि इथेच मला रेडिंगची नक्कल जास्त आवडायला लागली.

ती १८८५-८६ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या लीक गावात एलिझाबेथ वॉर्डल आणि पस्तीसेक बायकांनी साधारण वर्षभरात भरली. प्रत्येकीनं आपल्या तुकड्याखाली स्वतःचं नाव भरलंय, सुबक अक्षरात. मी ती नावं वाचत चालले होते म्हणूनच इतका वेळ लागला. लोकर रंगवून दिली एलिझाबेथच्या नवऱ्यानं, थॉमस वॉर्डलनं. हा माणूस आपल्या टसरच्या मागे लागलेला होता. भारतातलं रानटी रेशीम नीट रंगत नाही म्हणून त्यानं वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि त्याच सुमारास भारतात येऊनही गेला.

या बायकांनी पट मापून नाही, म्युझियमच्या रंगवलेल्या फोटोंवरून भरला. त्या फोटोंत कुणीतरी काठातल्या नागड्या माणसांची लाज झाकली होती. त्यामुळे रेडिंगला अकराव्या शतकातला माणूस चड्डी घालून उभा आहे! म्हणजे ही नक्कल १०६६ ची जितकी साधनं देते तितकीच १८८५ चीही.

मूळ पटावर काय काय बेतलं त्याची तर पोथी होईल. १७९२ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत तो फौजेच्या गाडीवरच्या सामानावर झाकायला निघाला होता, गावातल्या एका वकिलानं सोडवला. नेपोलियननं १८०३ मध्ये इंग्लंडवरच्या स्वारीची हवा तापवायला पॅरिसला नेऊन मांडला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्याचा 'अभ्यास' केला. २०२० मध्ये तपासणीचे आकडे आले : चोवीस हजारांवर डाग, सोळा हजारांवर सुरकुत्या, साडेनऊ हजारांवर भोकं आणि उसवलेल्या जागा. कुणीतरी बसून मोजलं हे! आता बायोचं म्युझियम दुरुस्तीला बंद, आणि मूळ पट ब्रिटिश म्युझियममध्ये सप्टेंबर २०२६ ते जुलै २०२७ असा येणार असं ठरलंय. इथल्या मंडळींनी मिळून जायचं का?

फिरस्ता_७

मी येतो. इतका नाजूक कपडा खाडीपार हलवायला हवा का, हे भांडण रेल्वेत करू.

सनावळीवाला

तिकिटं काढणार असाल तर माझं एक धरा. 'रेक्स'चा मुद्दा मला पटला. बाण अजून पटलेला नाही.

टीपकागद

धरलं, काका.

जाता जाता एक. काल साताऱ्याला आईशी व्हिडिओवर बोलताना तिला पटाचे जवळून काढलेले फोटो दाखवले. तिनं तीस वर्षं शिवणक्लास घेतला. तिचा पहिला प्रश्न, "मागची बाजू दाखव." क्लासमध्ये मार्क मागच्या बाजूवरच द्यायची. १९८२-८३ मध्ये अस्तर काढून मागची बाजू तपासली होती, तिथे रंग अजून ताजे आहेत, हे मी सांगितलं. फोटोही सापडला. ती बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "लोकर वाचवलीय गं यांनी. कडेला देठ टाका घातलाय, आत लोकर नुसती वर अंथरलीय आणि वरून आडवी दाबून बारीक टाक्यांनी पकडलीय. मागे जवळजवळ काहीच जात नाही. भरीव टाका घातला असता तर दुप्पट लागली असती." भरतकामाच्या पुस्तकांत याला बायो टाका म्हणतात. आईनं कुठलं पुस्तक उघडलं नव्हतं.

नंतर तिनं काठावरून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबली. पहिला आणि दुसरा तुकडा जोडलाय तिथे वरच्या काठाची रेघ जुळत नाही, पायरी पडलीय. पुढचे जोड शोधूनही सापडेनात, इतके बेमालूम आहेत.

"पहिल्याला चुकल्या, पुढे शिकल्या," आई म्हणाली. फोन ठेवताना विचारते, "त्या पहिल्या जोडाला ओरडा कुणी खाल्ला असेल गं?"